प्रिंटरची जेवणाची सुट्टी

ज्या बिघाडामुळे सरांनी कॉम्प्युटरला हात लावणं कायमचं सोडलं, तो बिघाड मी केलेला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तिच्या वडिलांनी त्याच सुमारास मला विचारलं होतं, "नोकरी कायम झाली ना?" आणि मी हो म्हणालो होतो. ती कायम कशी झाली हे सांगायचं तर सरांबद्दल सांगावं लागलं असतं, म्हणून घरात सरांचा विषयच मी कधी काढला नाही. माझ्या बोलण्यात ते नाहीत. मनातून मात्र गेलेले नाहीत.

तेव्हा मी विरारहून वसईला कामाला येत असे. वसई पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमची कंपनी होती. स्टीलची भांडी बनवून परदेशात पाठवायची. खाली कारखाना, वर ऑफिस. खाली पॉलिशिंग सुरू झालं की वर टेबलांवरचे कप किणकिणायचे. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर आले होते आणि सगळ्यांना मिळून एकच मोठा लेझर प्रिंटर होता. तो आणि ती सगळी वायरिंग ज्यांच्या ताब्यात होती ते सर.

ऑफिसात मी एकटाच त्यांना सर म्हणत असे. बाकी सगळे मास्तर म्हणत. वसई गावात त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. कोर्टातल्या, शाळांमधल्या, बँकांमधल्या कितीतरी बायका त्यांच्या हाताखाली शिकलेल्या. कॉम्प्युटर आले तशी शिकायला येणारी मुलं आटली. तेव्हा त्यांनी मशिनं विकली आणि स्वतः उतारवयात कॉम्प्युटर शिकून आमच्या कंपनीत आले. एक टाइपरायटर मात्र विकला नाही. नव्या नवरीने आंदणाची पेटी आणावी तसा तो त्यांनी बरोबर आणला आणि स्टोअरमध्ये झाकून ठेवला.

उंच, सडसडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट. खिशात पेन नसायचं, टाइपरायटरची अक्षरं साफ करायचा छोटा ब्रश असायचा. त्याने ते की-बोर्ड झाडत. समोर बसलेल्या माणसाला न विचारता झाडत. तुम्ही टाइप करत असलात तरी तुमची बोटं बाजूला सारून झाडत.

"मास्तर, मी पत्र लिहितेय," डिस्पॅचच्या पाटील मॅडम म्हणायच्या.

"लिही. पण यात चिवडा आहे. चिवडा आणि पत्र एका ठिकाणी नको."

पाटील मॅडम त्यांच्याकडेच टायपिंग शिकलेल्या. त्या चाळिशीच्या होत्या, दोन मुलांच्या आई, पण मास्तर मागून आले की पाठ ताठ करून बसायच्या. मिटवायची कळ दाबली तर आवाजावरून सरांना कळायचं. "चूक झाली की पान बदलायचं," ते म्हणत. "पुसून पुसून माणूस निर्ढावतो."

प्रिंट येत नाही अशी तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेलं की ते उठत नसत. आधी विचारत, "शेवटचा चांगला कागद कुठला?" मग तुम्ही परत जायचं, नीट छापून आलेला शेवटचा कागद शोधून आणायचा आणि त्यांच्यासमोर ठेवायचा. तो ते उजेडात धरत, पालथा करत, नाकाजवळ नेत. त्यातून त्यांना काय कळे ते मला आजही माहीत नाही. मालकांचा मुलगा, छोटे शेठ, कधी आले तर म्हणत, "डॉक्टर पण एवढं बघत नाही, मास्तर." त्यावर सर म्हणत, "म्हणून तर पेशंट परत परत जातात."

कागद बघून झाला की वायर. प्रिंटरपासून निघायचं आणि तक्रार करणाऱ्याच्या टेबलापर्यंत वायरीवर हात फिरवत चालायचं. भिंतीच्या कडेने, कपाटामागून, टेबलांखालून. मध्येच थांबायचं, गुडघा टेकायचा, जोड दाबून बघायचा, पुढे. भुईगावचे ते, चर्चला नियमाने जाणारे. ईस्टरआधीच्या उपासकाळात चर्चमध्ये भिंतीवरच्या येशूच्या तसबिरींपुढे थांबत, गुडघे टेकत क्रुसाची वाट करतात, तशीच ही चाल होती. पाटील मॅडमनी ते पहिल्यांदा बोलून दाखवलं. त्याही तिकडच्याच एका गावातल्या, घराजवळ चर्च, म्हणून त्यांना सुचलं. नंतर सगळेच म्हणू लागले, "मास्तर क्रुसाची वाट करतायत, पाय वर घ्या." सरांना राग येत नसे. टेबलाखालून आवाज यायचा, "हसा. पण पाय वर घ्या."

आणि खरंच त्या वाटेवर काही ना काही सापडायचं. एकदा रोज जेवायच्या थोडं आधी निम्म्या ऑफिसचं छापणं बंद पडू लागलं. सगळ्या वायरी ज्या डब्यात येऊन मिळतात तो हब पँट्रीच्या फळीवर होता. हात फिरवत सर तिथपर्यंत गेले आणि एक टिफिन घेऊन परत आले. हब गरम असतो हे कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं आणि त्याच्यावर डबे ठेवायची पद्धत पडली होती. सरांनी तो डबा अकाउंट्सच्या माणसापुढे ठेवला. "तुमची वांग्याची भाजी नेटवर्कवर होती. ऊन आहे तोवर खाऊन घ्या." एवढंच. शेठपर्यंत गोष्ट गेली नाही.

दुसऱ्याचा कागद रद्द करायचा नाही, हा त्यांचा नियम. एक काम अडकलं की मागची सगळी रांग अडते. कुणीही उठून ते पुढचं काम उडवून टाकलं असतं. सर ज्याचं असेल त्याच्या टेबलाशी जात. "तुमचं पान अडकलंय. काढू का? पुन्हा पाठवाल ना?" तो जागेवर नसला तर वाट बघत. सगळं ऑफिस खोळंबायचं, शिव्या घालायचं.

प्रत्येक मशीनला एक नंबर असतो, दारावर घराचा नंबर असतो तसा. कागद कुठून आला, कुठे गेला, ते त्यावरून ठरतं. हे नंबर सरांनी माणसं कंपनीत आली त्या क्रमाने दिले होते आणि ते फक्त त्यांच्या डोक्यात होते. कुणी नोकरी सोडली तर त्याचा नंबर ते वर्षभर कुणालाही देत नसत. कारखान्यातले एक जुने कारकून वारले, तेव्हाही त्यांचा नंबर रिकामा ठेवला. "खुर्ची लगेच भरली तर बरं दिसत नाही," म्हणाले. मशीनच्या नंबरात बरं-वाईट काय दिसतं, असं मी विचारलं. "ते मशीनला नाही रे बाबा, आपल्याला."

यावर कडी म्हणजे प्रिंटरची जेवणाची सुट्टी. दुपारी आमची जेवायची वेळ झाली की सर प्रिंटर बंद करत, त्यावर घरून आणलेला धुतलेला पंचा घालत आणि मग आपला डबा उघडत. जेवण होईपर्यंत कुणी काहीही म्हटलं तरी तो चालू व्हायचा नाही. "सकाळपासून तापलाय. त्यालाही पाठ टेकू दे." सुट्टी संपली की पंचा काढत, बटण दाबत आणि आपल्या घरच्या बोलीत त्याच्याशी काहीतरी बोलत. आमच्याशी ते शुद्ध, टायपिंगच्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलत. ती बोली आमच्या वाट्याला कधी आली नाही. पाटील मॅडमना ती कळायची. मी विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, ऊठ म्हणतायत. लेकराला उठवतात तसं."

वाडीतली केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ते सगळ्यांसाठी आणत. ती गुंडाळलेली असायची प्रिंटरच्या टेस्ट पेजमध्ये. छापलेली बाजू बाहेर, कोरी आत. माझं टेबल त्यांच्या शेजारी, म्हणून मला नेहमी एक पुडी जास्त मिळायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. हे ते कधी बोलले नाहीत. मीही नाही.

मी विरारच्या एका क्लासमधून कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. कागदोपत्री अकाउंट्सचा मदतनीस, तोही तात्पुरता. पण सरांनी मला जवळ घेतलं आणि वायरी ओळखायला शिकवलं. एक युक्तीही शिकवली. एखादा नंबर रिकामा आहे का हे बघायचं तर आपल्या मशीनवरून त्या नंबराला हाक मारायची. कुणी ओ दिली तर त्या घरात माणूस आहे. ओ नाही आली तर?

"तर लगेच घर रिकामं समजायचं नाही," सर म्हणाले होते. "माणूस झोपलेला असेल. मला विचारायचं."

मोठे शेठ आजारी पडले आणि छोटे शेठ अधूनमधून ऑफिसात येऊन बसू लागले. माझ्याहून थोडेच मोठे. दुपारी यायचे, केबिनचं दार लावून घ्यायचे. त्यांच्यासाठी नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी सर सुट्टीवर होते, गावात कुणाचं तरी लग्न होतं.

"मास्तर उद्या येऊन लावतील," मी म्हणालो.

"अरे, मास्तर आधी त्याला ओवाळतील, मग सुरू करतील. तू कोर्स केलायस ना? लाव."

जेवायची वेळ होती. सर नसले तरी पाटील मॅडमनी नियमाप्रमाणे प्रिंटर बंद करून त्यावर पंचा घातला होता. मी केबिनमधून एका नंबराला हाक मारली. ओ आली. दुसऱ्याला मारली. ओ आली. तिसऱ्याला मारली, उत्तर आलं नाही. गेलेल्या कुणाचा तरी असेल असं धरून मी तो नंबर छोटे शेठच्या मशीनला देऊन टाकला. तो प्रिंटरचा होता. प्रिंटर पंच्याखाली झोपलेला होता.

"बघ, पाच मिनटांत झालं," छोटे शेठ म्हणाले. "तुझ्यासारखीच माणसं पाहिजेत आता."

सरांना मी एवढंच सांगितलं की शेठचं मशीन लावून झालं. नंबर कुठला दिला ते त्यांनी विचारलं नाही. केबिनचा जुनाच नंबर ठेवला असेल, नवा मला विचारल्याशिवाय हा देणार नाही, असा त्यांचा समज.

त्यानंतर प्रिंटर अंगात आल्यासारखा वागू लागला. सकाळी ठीक. छोटे शेठ आले की दुपारनंतर बंद. एकाच नंबराची दोन घरं झाली होती. कागद निघायचा तो कधी या दाराशी, कधी त्या. विरारला नव्या बिल्डिंगांमध्ये दोन विंगांना एकच अक्षर असलं की पोस्टमनची व्हायची तशी गत. पण हे आम्हाला माहीत नव्हतं. ऑफिसला दिसत होतं ते इतकंच, की नेमके धाकटे मालक समोर असतात तेव्हा मास्तरांचा प्रिंटर चालत नाही.

सरांनी क्रुसाची वाट केली. पुन्हा केली. हब बदलला, जोड कापून नवे बसवले. शेवटचे चांगले कागद टेबलावर मांडून त्यांच्याकडे बघत बसायचे. केबिनचं दार लावलेलं असायचं. मालकाच्या दारावर टकटक करून आत वाकून वायर चाचपणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि आतलं मशीन मी लावलेलं, म्हणून त्यावर त्यांना शंका नव्हती.

"तुम्ही त्याला दुपारी बंद-चालू करता ना, त्याने जातो तो," छोटे शेठ म्हणायचे. "मशीन आहे, मास्तर. बैल नाही."

सर दुपारी पंचा मात्र घालायचेच.

मग तो कंटेनरचा दिवस आला. न्हावाशेव्याला जाणारी गाडी गेटवर उभी. तिच्याबरोबर बिल आणि कुठल्या खोक्यात काय आहे याची यादी जायला हवी. त्याशिवाय बंदरात माल घेत नाहीत आणि बोट कुणासाठी थांबत नाही. दुपार उलटलेली. पाटील मॅडमनी छापायला दिलं, काही आलं नाही. पुन्हा दिलं, नाही. छोटे शेठनी मला आत बोलावलं. "माझ्या मशीनवरून काढ."

मी बसलो. पडद्यावर एक चौकोन उघडला होता. हा नंबर दुसऱ्याही कुठल्या तरी मशीनकडे आहे, असं त्यात सरळ लिहिलेलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"येतं ते रोज. ओके दाब, जातं."

मी ओके दाबलं. पण तोवर मला सगळं कळलं होतं. तिथेच बसल्या बसल्या नंबर बदलला असता तर अर्ध्या मिनिटात कागद बाहेर आला असता. पण छोटे शेठ खांद्यामागे उभे होते. नंबर बदलायचा म्हणजे आधी कुणी घातला ते सांगावं लागणार. आठवड्याने माझी नोकरी कायम होणार होती आणि त्याच रविवारी मुलीकडची माणसं घरी यायची होती. "इथूनही होत नाही," मी म्हणालो आणि बाहेर आलो.

बाहेर सरांनी स्टोअरमधून टाइपरायटर आणवला होता. बाही वर सारायला अर्धी बाहीच, तरी त्यांनी तसा हात केला. पाटील मॅडम वाचून दाखवू लागल्या, मी कार्बन लावून कागद देऊ लागलो आणि सर टाइप करू लागले. तसा आवाज त्या ऑफिसात कधी झाला नव्हता. खालचे कामगार जिन्यात येऊन उभे राहिले. गेटवर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

पाटील मॅडम पुढचं पान शोधत होत्या तेवढ्यात सर मान वर न करता मला म्हणाले, "बाबा रे, कुणी नवा नंबर टाकलाय का कुठे? माझं सगळं बघून झालंय. आता तेवढंच उरतं."

"नाही, सर," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. पुढच्याच ओळीत त्यांच्याकडून एक आकडा चुकला. पान काढलं, टाकलं, नवं घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 

गाडी वेळेत गेली. बोट चुकली नाही. टाळ्या वाजतील असं मला वाटलं होतं, आणि वाजवायला दोघं-तिघं उठलेही. छोटे शेठ केबिनच्या दारात उभे होते. हातात कार्बनची कॉपी.

"जग कुठे चाललंय, आणि आमची कंपनी टाइपरायटरवर," ते म्हणाले. "मास्तर, तुमच्याने आता होत नाही हे. वय झालं, त्यात काय लाजायचं? तुम्ही पत्रांची आवक-जावक बघा. हे पोरगं बघेल सिस्टीम."

सगळ्यांसमोर. सरांनी खिशातून ब्रश काढला आणि टाइपरायटरची अक्षरं साफ करायला घेतली. सगळी अक्षरं होईपर्यंत त्यांनी वर बघितलं नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी केबिनमध्ये जाऊन नंबर बदलला. दुसऱ्या दिवशी शेठ आले, दुपार झाली, प्रिंटर चालूच राहिला. सरांनी एक टेस्ट पेज काढलं, ते उजेडात धरलं. मला म्हणाले, "आपोआप बरं झालेलं दुखणं मला पटत नाही. पण झालंय खरं." छोटे शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी काही केलं असं म्हणालो नाही, काही केलं नाही असंही म्हणालो नाही.

मग सरांनी मला सगळे नंबर सांगितले. तोंडपाठ, माणसांच्या क्रमाने, गेलेल्यांसकट. मी लिहून घेत होतो. एक नंबर आला तेव्हा म्हणाले, "हा प्रिंटरचा," आणि थांबले. माझं पेनही थांबलं. मला वाटलं, कळलं यांना. त्या थांबण्यात मी सगळं सांगून टाकलं असतं, असं पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो. पण ते चष्मा पुसायला थांबले होते. चष्मा घातला आणि पुढचा नंबर सांगितला.

पत्रांच्या टेबलावर ते फार दिवस बसले नाहीत. जाताना टाइपरायटर रिक्षात घालून नेला. प्रिंटरची सुट्टी मी बंद केली. छोटे शेठनी सांगितलं होतं.

पुढे मी दोन नोकऱ्या बदलल्या, नेटवर्कच्याच कामात राहिलो, त्यावरच घर उभं केलं. नाताळात मात्र एक चक्कर भुईगावला मारतो. घरी सांगतो, समुद्रावर जाऊन येतो. सर ओट्यावर बसलेले असतात. कान शाबूत, नजर बरी. गेल्या वर्षी काकू चहा घेऊन आल्या आणि माझ्यासमोरच म्हणाल्या, "तुमच्या त्या कंपनीतनं आले तेव्हापासून यांना स्वतःचा भरवसा नाही. विहिरीचा पंप स्वतः बंद करतात आणि मला विचारतात, बंद केला ना मी? परत जाऊन बघतात. चर्चच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, फादर स्वतः बोलवायला आले, तर नाही म्हणाले."

"माझं डोकं त्यातून गेलं ग," सर म्हणाले. तक्रार नव्हती. ऊन उतरलं म्हणावं तसं.

काकू आत गेल्या. सर माझ्याकडे वळले. "तू एवढी वर्षं त्याच कामात आहेस. तेव्हा तो प्रिंटर कशाने अडत होता, कधी कळलं का रे तुला? मी पुष्कळ विचार केला. माझ्याच हातून काहीतरी राहिलं असणार."

"नाही, सर," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा नोकरी होती, लग्न होतं. या वेळी काय होतं? माझा मुलगा कॉलेजात आहे, फ्लॅटचे हप्ते संपलेत, ती कंपनी केव्हाच बंद झाली, छोटे शेठ कुठे आहेत ठाऊक नाही. माझं काहीही जाणार नव्हतं. फक्त ते माझ्याकडे बघत होते ते बघणं थांबलं असतं, आणि तेवढंही मला सोसलं नसतं.

हे लिहिलंय, तर ते कुणीतरी त्यांना वाचून दाखवेल असं मनात येतं. तीही पळवाटच. त्यांच्या ओट्यावर जाऊन, काकूंच्या देखत, माझ्या तोंडाने त्यांना सांगायचंय, की तुमच्या हातून काही राहिलं नव्हतं, नंबर मी घातला होता आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.